दोहात ताईने न प्यायलेलं पाणी

दोहाला यायचं तर थंडीत या, असं भाचा निखिल सांगत होता. पण त्याला रजा ऑक्टोबरात मिळाली, म्हणून मी आणि त्याची आई, म्हणजे माझी ताई, नाशिकहून तेव्हाच निघालो. ताईला ब्लडप्रेशर आहे. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवली. तुम्हीही ठेवा; आपल्याकडची काही औषधं कतारमध्ये चालत नाहीत.

निखिल दोहातल्या बिन महमूद भागात राहतो. सुरुवातीला मेट्रोनेच फिरलो. तिकीट दोन रियाल, डबे थंडगार. संध्याकाळी लुसैलला समुद्राकाठी चालायचं. उन्हाचा एवढा बाऊ का करतात, असं वाटू लागलं. ऊन आम्ही फक्त काचेतून बघत होतो ना.

मग एका सकाळी उत्तरेला अल झुबाराचा किल्ला बघायला निघालो. रस्ता सरळसोट, सव्वा-दीड तासाचा. वाटेत उम्म सलाल मोहम्मद गावात करक, म्हणजे तिथल्या दाट दुधाळ चहासाठी थांबलो, ताईने तो नको म्हटला. तहान लागायची वाट बघू नका, असं बजावून निखिलने आम्हाला मोठ्या बाटल्या दिल्या. ताई मधूनमधून बाटली तोंडाला लावत होती. मी निर्धास्त.

किल्ला लहानसा, वाळूच्याच रंगाचा, फार देखणा. सावली मात्र जेमतेम. थोड्या वेळात बडबडी ताई गप्प झाली. पायात गोळे आलेत म्हणाली आणि मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक. बाटली जवळजवळ भरलेली.

आम्ही तिला एसी लावून गाडीत आडवं केलं. आमचं मराठी ऐकून शेजारच्या गाडीतून दापोलीच्या शमीम धावत आल्या. ओढणी भिजवून त्यांनी ताईच्या मानेभोवती गुंडाळली, ओआरएस घोटघोट पाजलं. ताईला जरा बरं वाटल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, बाथरूमच्या भीतीनं पाणी नाय प्यायलात ना?"

ताईने होकारार्थी मान हलवली.

"मीपण आधी तशीच फिरायची. गावची एसटी डोक्यातून जात नाय."

निखिल वैतागला. "आई, समोरच तर आहे बाथरूम. विचारायचंस तरी."

"बाहेर पडलं की नसतंच, असं धरून चालते मी," ताई म्हणाली.

परतताना डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विश्रांती आणि भरपूर पाणी सांगितलं. उरलेल्या दिवसांत ताईने संग्रहालयांइतक्याच आस्थेने दोहातली स्वच्छतागृहं पाहिली आणि कुठलं किती छान याचं आम्हाला रोज वर्णन ऐकवलं.

मुंबईला उतरून नाशिकची गाडी केली. ताई वाटभर पाणी पीत होती. एका पेट्रोलपंपावर थांबलो, तर बाथरूमला कुलूप. किल्ली मॅनेजरकडे आहे, ते जेवायला गेलेत, पुढचा पंप बघा, असं तिथल्या माणसाने सांगितलं. मी गाडीकडे वळलेसुद्धा. ताईने प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि पंपाच्या मधोमध बसली.

"आणवा किल्ली. मी थांबते."

किल्ली आली. ताईनंतर मी गेले, आणि माझ्यामागे शेजारच्या गाडीतल्या दोघीजणीही उतरल्या.