फ्लेक्सवरचा कॅप्टन

सुट्टीवर आलेला बद्रीनाथ घनसावंगीच्या स्टँडवर जीपमधून उतरला आणि बॅग हातात धरून तसाच उभा राहिला. समोरच्या फ्लेक्सवर नौदलाच्या पांढऱ्याशुभ्र गणवेशात तोच हसत होता. खाली टपोऱ्या अक्षरांत, ‘कॅप्टन बद्रीनाथ यांचा भव्य सत्कार’.

घरी पोचताच त्यानं वडिलांना, रामप्रसादअण्णांना गाठलं.

“अण्णा, कॅप्टन कुणी सांगितलं?”

“मीच की. लई दिवसांपासून सांगून राह्यलो.”

“मी मास्टर चीफ झालो. खलाशांतला सगळ्यात वरचा हुद्दा. कॅप्टन म्हंजी अधिकारी, त्याचं निराळं असतं.”

“त्याच्या खालीच ना तू?”

“खालीच.”

“मंग खालचा हुद्दा फ्लेक्सवर कसा टाकावा?”

बद्रीनाथची बायको वंदना चहा ठेवत म्हणाली, “राहू द्या की. इथं कोण बघायला येतंय?”

“माझ्या जहाजावरची पोरं मोबाईलवर बघतेत. उद्या त्यांना खोटं बोलू नका म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? फ्लेक्स असाच राहिला तर मी स्टेजवर येणार न्हाई.”

अण्णांचा चेहरा उतरला. सरपंचापासून मंठ्याच्या पाव्हण्यांपर्यंत सगळ्यांना त्यांनी स्वतः आवतण दिलं होतं.

“बरं, तू करतो तरी काय तिथं?”

बद्रीनाथ सांगत गेला. बारावीनंतर भरती झाला तेव्हा हातात ब्रश आला होता, जहाजाचा डेक रंगवायला. मग हुद्द्याची एकेक पायरी चढत पेटी ऑफिसर, चीफ, मास्टर चीफ. आता पोरांच्या ड्युट्या, रजा, भांडणं, नवख्याचं घरच्या आठवणीनं रडणं, सगळं त्याच्याच दारात.

“कॅप्टन हुकूम देतो. तो पोरांकडून पार पाडून घेतो मी. अन् पोरांना झेपणारं नसलं तर कॅप्टनला तोंडावर सांगतोबी.”

“ऐकतो का तो?”

“ऐकतो. आधी चिडतो.”

अण्णा दाढी खाजवत उठले आणि स्टँडकडं निघाले.

सत्काराला फ्लेक्स तोच होता, फक्त ‘कॅप्टन’वर पांढरा कागद चिकटवलेला. बद्रीनाथ अजून खालीच, खुर्च्यांमागं उभा. अण्णांनी सरपंचाच्या हातून माईक घेतला.

“मंडळी, चूक माझी हाय. पोरगा कॅप्टन न्हाई. आता मला सांगा, कारखान्याचा साहेब ऊसतोडीचा हुकूम देतो, पण फड तुटतो कुणामुळं?”

“मुकादमामुळं,” मागून दोघं-तिघं बोलले.

“अन् त्या मुकादमानं आधी काय केल्यालं असतं?”

“कोयता चालवल्याला असतो.”

“बराबर. आमचा बद्री समुद्रावरचा मुकादम हाय.”

सगळा मांडव हसला. बद्रीनाथही हसला आणि खुर्च्यांतून वाट काढत स्टेजवर चढला. शाल पांघरताना सरपंचानं हळूच विचारलं, “मंग मुकादम म्हणू का मास्टर चीफ?”

“काहीबी म्हणा,” तो म्हणाला, “दोन्ही खरंच हाय.”