मॅडमच्या पेट्यांवरचा आळ

तळेगावच्या कारखान्यात संगणक विभाग आम्ही दोघं सांभाळायचो. कारखान्याची माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या जुन्या पेट्या मॅडमकडे, त्या पेट्या चालवणारा नवा गेटवे कंट्रोलर माझ्याकडे. तो वेगळ्या कंपनीचा, पेट्यांशी जुळणार नाही म्हणून साहेब पेट्या भंगारात काढायला निघाले होते. मॅडमनी त्यांना शब्द दिला, "कारभार कंट्रोलर बघेल, माहिती माझ्या पेट्यांत राहील. नांदतील दोघं."

आणि नांदलेही. मी चिडवायचो, "मॅडम, तुमची पेटी म्हणजे आमच्या घरची म्हातारी सून हो."

"सगळं ओझं तीच उचलते, भाऊ. तुमचा मुलगा, तो कंट्रोलर, नुसता पुढे पुढे करतो."

खंडेनवमीला यंत्रं पुसून पूजायची आमची रीत. त्या वर्षी मॅडम लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. मी केबली काढून पेट्या लख्ख पुसल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. केबली परत जोडताना मात्र चुकलो. पेटीला दोन कार्डं असतात, एक गेलं तर दुसऱ्यावर काम चालावं म्हणून. मी एका पेटीच्या दोन्ही केबली एकाच कार्डाला जोडल्या. सगळं सुरू झालं, म्हणून पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात नेमकं तेच कार्ड गेलं आणि कारखाना ठप्प झाला. धावत गेलो, केबली पाहिल्या आणि गुपचूप एक दुसऱ्या कार्डाला लावली. कारखाना सुरू झाला. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा म्हणालो, "दुसऱ्या कंपनीची पेटी, साहेब. पटत नाही त्यांचं."

पेट्या भंगारात गेल्या. शब्द खोटा पडला म्हणून मॅडमना स्टोअरमध्ये बसवलं. जाताना, कारखाना मी सुरू केला म्हणून त्यांनी मलाच पेढा दिला.

इतक्या वर्षांनी परवा लोणावळ्याला त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी त्या बिचाऱ्या पेट्यांना शिव्या घातल्या?"

"माझ्या वाट्याच्या होत्या त्या."

"तुम्हाला आता घालीनच. आधी साहेबांना फोन लावा. माझ्यासमोर. स्पीकरवर."

साहेबांना आता कमी ऐकू येतं. "चूक माझी होती, पेटीची नाही," मी म्हणालो.

"कोणाची?"

मॅडमनी उठून खिडकी उघडली. "मोठ्यानं सांगा, भाऊ. शेजाऱ्यांनाही कळू दे."

मी ओरडून सांगितलं. मग साहेब म्हणाले, "मॅडम आहेत का तिथे? त्यांना फोन द्या."