काटा थांबेपर्यंत

शालनकाकू तोलायला बसल्या की बोलत नसत. दारात दूधवाला ओरडो, शेजारी भांडण पेटो, त्यांची नजर काट्यावरून हलायची नाही. भोरच्या बाजारपेठेत त्यांच्या घरावरची माडी भाड्यानं मिळते असं कळलं, म्हणून मे महिन्याच्या शेवटी मी बघायला गेले. भर उकाड्यात पंखा बंद, खिडक्या बंद, आणि काचेच्या पेटीतल्या सोनारी काट्यासमोर साठीची एक बाई श्वास रोखून बसलेली. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली, भाडं विचारलं. उत्तर नाही. बहिरी दिसते, असं समजून मी तेच सगळं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. मग सुई मधोमध स्थिरावली. पदरानं कपाळ पुसत त्या म्हणाल्या, "आता बोला, बाई. काटा थांबल्याबिगर बोलू नये. बोलल्याचा वारा लागतो त्याला."

पारड्यात सोनं असेल असं मला वाटलं होतं. वाकून बघितलं तर एक पांढरी गोळी होती, एका कडेनं घासलेली.

गोळी कसली, ते काकूंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. झोपेची आणि 'डोस्क्याची'. पंधरा वर्षं त्या ती घेत होत्या. आठ दिवसांसाठी म्हणून कुणीतरी सुरू केली आणि बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. मध्ये एकदा त्यांनी स्वतःच एकदम सोडून पाहिली, तर तिसऱ्या दिवशी झटका येऊन मोरीत पडल्या. तेव्हापासून पुण्याचे एक डॉक्टर ती उतरवत होते, पण मुंगीच्या पावलानं. दर पंधरा दिवसांनी एक कण कमी. अडचण अशी होती की गोळी बाजारात एकाच मापाची मिळायची, आणि ब्लेडनं कापली की एक तुकडा मोठा, एक लहान आणि बाकीचा भुगा. डॉक्टर वैतागून म्हणाले होते, "आता सोनाराकडूनच तोलून आणा." काकूंनी मान खाली घालून सांगितलं, "सोनाराच्याच घरची हाय मी."

काटा त्यांच्या यजमानांचा. ते हयात असेपर्यंत त्यावर सोन्याचांदीशिवाय काही चढलं नाही, आणि घरातल्या बाईचा हात तर नाहीच नाही. ते गेल्यावर पेढी पुतण्याकडे गेली. त्यानं आकडे दाखवणारा विजेचा काटा आणला आणि जुना माजघरात आला. पहिली गोळी ठेवण्याआधी काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. "म्या म्हनलं, माफ करा. हे बी सोनंच समजा."

काम करताना त्यांना बघत राहावंसं वाटे. गोळी कागदावर धरायची, सोनाराच्या बारीक कानशीचे दोन हात मारायचे, मग ती उजव्या पारड्यात. डाव्यात कागदासारखी पातळ मिलिग्रॅमची वजनं, तीही चिमट्यानं. मी एकदा वजन बोटानं उचललं, तर त्या केवढ्यानं दचकल्या! "अवो बाई, पोरींना विज्ञान शिकवता ना? बोटाचं तेल लागलं, वजन बदललं. आता हे वजन खोटं बोलनार." त्या दिवशी दुपारभर ते एक वजन त्यांनी मऊ फडक्यानं पुसलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा पराक्रम सांगितला. पुढे वर्षभर मी काही चुकले की एवढंच म्हणत, "बोटं लावली वाटतं."

एका बाबतीत मात्र मीही त्यांना पकडलं. देवघराच्या फळीवर एका डबीत पांढरी पूड साठलेली दिसली. घासलेल्या गोळ्यांचा सगळा कीस! चमचाभर सहज असेल. मी हादरलेच. काकू मात्र शांत. "सोनाराच्या घरात कीस टाकत न्हाईत, बाई. पायाखालची मातीसुदिक झाडून ठेवत्यात." मी डॉक्टरांचं नाव घेऊन दरडावलं, तेव्हा कुठे तो कीस ओल्या राखेत कालवून टाकला. टाकताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू मी त्यांना पाटल्याच फेकायला लावल्या.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मी सहा महिन्यांनी विचारलं. गोळी घेऊन बरं वाटतं, झोप लागते, मग घ्यावी की जन्मभर, असं माझं सरळ मत. काकू तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"माझी सुमी," त्या म्हणाल्या. "नऊ वर्सांची व्हती. तापानं गेली. सकाळी गेली. मी भितीवर डोकं आपटाया लागले, तवा कुनीतरी डाक्टरला आनलं, त्यानं सुई दिली. जाग आली ती दुसऱ्या दिशी. तवर पोरीला नेलं व्हतं. बाई, माझ्या पोरीला घरातनं नेलं आनि मी घोरत व्हते."

त्या पुढे म्हणाल्या, "तिथनं ह्या गोळ्या. मालक गेले तवाबी डोळ्याला पानी न्हाई. पन ते जाऊ द्या. आमच्या माह्यारी, येल्ह्याकडं, म्हनत्यात, मानूस जायाच्या येळंला त्याचं जवळचं कुनीतरी न्यायला येतं. मला न्यायला सुमीच येनार. दुसरं कोन हाय? तवा मी परत झोपलेली असले तर? ती हाका मारील, मारील आनि जाईल. येकदा झोपले. दुसऱ्यांदा न्हाई झोपायचं मला."

मी विज्ञानाची शिक्षिका. असल्या गोष्टींना वर्गात मी सरळ अंधश्रद्धा म्हणत असे. पण त्या दिवसापासून संध्याकाळी जिना चढताना माजघराकडे बघायचं मी टाळू लागले. काकू एकट्या राहत आणि तरी त्यांच्या जेवणाच्या पाटाशेजारी थोडी जागा नेहमी मोकळी असे. तिथे त्या पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवत नसत.

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. त्या हिवाळ्यात माझं लग्न ठरलं. मे महिन्यात भोर सोडायचं होतं. दर पंधरवड्याचं वजन काढून द्यायचं, कागदावर लिहायचं, हे काम एव्हाना माझ्याकडे आलं होतं. मी हिशेब केला तर या चालीनं अजून दीड वर्ष लागणार. म्हटलं, मी असेपर्यंत निम्म्याच्या खाली आणू, मग पुढचं त्या करतील. शिकल्यासवरल्या माणसाला एक रोग असतो, दुसऱ्याचं भलं आपल्या सवडीनं करण्याचा. मी म्हणाले, "काकू, आता चार पायऱ्या एकदम उतरू."

"डाक्टरांना इचारलं?"

"विचारलं," मी म्हणाले. विचारलं नव्हतं.

काकूंनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि कानस हातात घेतली.

पहिले चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी हात थरथरू लागले, मग झोप गेली, मग जेवण गेलं. "उतरेल दोन दिवसांत," मी सांगत राहिले. मार्चअखेर होती, शाळा सकाळची झाली होती. आठव्या दिवशी साडेबाराला मी उन्हातून घरी आले, तर काकू माजघराच्या उंबऱ्याशी बसलेल्या. शेजारी खोबरेल तेलाची बाटली उघडी. त्यांचे दोन्ही हात हवेत होते आणि बोटं भराभर चालली होती. त्या वेणी घालत होत्या. तळव्यावरचं तेल फरशीवर टपटप गळत होतं.

"हलू नको गं," त्या म्हणाल्या. मला नव्हे. मग माझ्याकडे बघून इतक्या आनंदानं हसल्या, की तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आली बघा सुमी. आता कडंनं जावा, बाई, तिला तुडवाल."

आणि मी कडेनं गेले. अंग चोरून, भिंतीला घासून गेले. तिथे काही नव्हतं हे मला ठाऊक होतं, तरी त्या जागेवरून पाय टाकायची माझी हिंमत झाली नाही.

शेजारच्या बाईंना काकूंजवळ बसवून मी एसटीडी बूथवर धावले. डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. आत्ताच्या आत्ता आधीच्या मापावर या, रात्रभर कुणीतरी जवळ थांबा, आणि सकाळी घेऊन या, एवढंच म्हणाले. परत आले तेव्हा शेजारीण दाराशी उभी राहून रामराम म्हणत होती, आणि वेणी चालूच होती. मी काटा पुढे ओढला. काकूंनी तो बघितला आणि त्यांना सगळं समजलं. डोक्याचा तेवढा कोपरा अजून जागेवर होता.

"गोळी घेतली का ही जाईल ना?"

मला आणखी एक खोटं बोलायचं नव्हतं. "हो," मी म्हणाले.

त्यांनी काटा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "मग तुमी तोला. माझ्या हातानं म्या तिला घराबाहीर काढनार न्हाई."

मी कानस घेतली. चिमट्यातून वजन दोनदा निसटून खाली पडलं. सुई इकडून तिकडे झुलत राहिली. मी घाईनं पेटी उघडायला गेले, तर त्या तशा अवस्थेतही म्हणाल्या, "थांबू द्या, बाई. काटा थांबू द्या." तो थांबेपर्यंत त्या समोरच्या मोकळ्या हवेकडे बघत होत्या. तेवढा वेळ त्यांनी मागून घेतला, असं मला पुढे कळलं. मग गोळी तोंडात टाकली आणि पाणी न पिता गिळली.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं पुण्याला निघालो. शिवऱ्यापर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तिथे गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "पहाटं गेली. वेनी अर्धीच राह्यली."

मी तिथेच, गाडीत, सगळं कबूल केलं. डॉक्टरांना विचारलं नव्हतं हे सांगितलं, माफी मागितली आणि रडले. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "म्हाईत व्हतं मला. डाक्टर असं सांगनार न्हाईत."

"मग ऐकलंत कशाला?"

"मलाबी घाई झाली व्हती, बाई. पोरीला लई वाट बघाय लावली म्या." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पन ही ती न्हाई. ही उगा गोळीनं आनलेली. हिला काय रडू न्हाई, बोलू न्हाई. सुमी लई बडबडी व्हती."

लग्नानंतर मी कोल्हापूरला गेले. काकूंचं पोस्टकार्ड दोन-तीन महिन्यांनी येई. मोठं, वाकडं अक्षर, वर 'श्री', खाली गोळीचं वजन आणि 'बरी आहे'. दीड वर्षाची अडीच वर्षं झाली. मध्ये एका हिवाळ्यात त्या चार महिने एकाच मापावर थांबल्या. 'काटा थांबला नाही, म्हणून मी थांबले,' असं लिहिलं होतं. नंतर एक कार्ड आलं त्यावर वजन नव्हतं. 'आज काट्यावर काही ठेवलं नाही. काच पुसून झाकून ठेवला.' ते कार्ड घेऊन मी स्वयंपाकघरात उभीच राहिले.

पुढच्या दिवाळीत भोरला गेले. काकू वाळल्या होत्या. झोप तीन-चार तासांची. पण बोलता बोलता डोळे भरून येत. दूध उतू गेलं, रडल्या. माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, रडल्या. नाक पुसत हसून म्हणाल्या, "लई रडते मी आता. पंधरा-वीस वर्सांचं साठलंय, कीस कुनी टाकलाच न्हाई." मी दबकत विचारलं, सुमी दिसते का? मान हलवली. "न्हाई. सपनातबी न्हाई. शानी झाली माझी पोर, उगीच येत न्हाई. येळंला येईल. आपलं काम जागं राह्यचं."

मला ते ऐकून भीती वाटली. ती आलीच नाही तर? एवढं सगळं सोसून, कण कण उतरून, शेवटी समोर कोणीच नसलं तर? हे मी त्यांना विचारलं नाही. स्वतःला मात्र पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

काकू गेल्या पुढच्याच उन्हाळ्यात. मला आठ दिवसांनी कळलं. भेटायला गेले तेव्हा पुतण्याच्या बायकोनं, अलकानं, सगळं सांगितलं. शेवटच्या पंधरवड्यात दुखणं वाढलं होतं. डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतो म्हणाले, तर काकूंनी हात पदराखाली लपवला. दोनदा असं झालं. शेवटी डॉक्टरांनी आग्रह सोडला. गेल्या त्या सकाळी दहाच्या सुमाराला, लख्ख उजेडात, पूर्ण शुद्धीवर.

"काही बोलल्या?" मी विचारलं.

"न्हाई वो, बाई," अलका म्हणाली. "म्या पायाशीच बसले व्हते. त्यांनी दाराकडं बघितलं. मग एवढ्या दुखन्यात, अंगात जीव न्हाई, तरी कोपरावर जोर दिऊन भितीकडं सरकल्या. म्या म्हनलं, आत्याबाई, पडाल, हलू नका. तरी सरकल्याच. एवढी जागा केली." तिनं दोन्ही हातांनी दाखवली. नऊ वर्षांचं पोर नीट बसेल एवढी.