सोंड तुटलेला हत्ती कोणत्या हाताला?

औंढ्याच्या देवळाचे आजवर किती फोटो काढले, असं कुणी विचारलं तर मी एक लाख सांगतो. त्यातले काही हजार वाढवलेले असतील, पण हेमाडपंती दगडाला माझ्यापुढं लाजायचं काही उरलेलं नाही एवढं खरं.

जवळा बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. आधार कार्डासाठी लोक तोंड धुऊन येतात आणि फोटो बघून तोंड पाडून जातात. माझी खरी कीर्ती मात्र कॅलेंडरची. आमच्या बाजारात बी-बियाण्याचं दुकान चालवणारे शेठ दरवर्षी गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटतात. वर औंढ्याचं देऊळ, खाली तारखा, कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात माझं नाव. सेनगावपासून आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावपर्यंत घरोघरी खिळ्याला मी लटकलेला असतो.

यंदा दसऱ्याला शेठ म्हणाले, "भाऊ, गिऱ्हाईक विचारून राहिले, शेठ मागल्या सालचंच कॅलेंडर वाटून राहिले का म्हणून. औंदा काही नवीन आणा. न्हाई तर ड्रोनवाल्याला बोलावतो."

"ड्रोन वरून काढणार शेठ. वरून देऊळ म्हणजे ताटात उपडी घातलेली वाटी."

"मग तुमी खालून काढा!"

मी मनावर घेतलं. दर सोमवारी औंढ्याची वारी सुरू केली. पहिल्यांदा एका घराच्या गच्चीवर चढलो. फोटोत शिखरापेक्षा पाण्याची टाकी मोठी आली. पुढं कडुलिंबावर चढलो. तिथं माकडानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू जागा त्यानं आगाऊ धरून ठेवली होती. एकदा आवारात कॅमेरा घेऊन पालथा पडलो, तर मागून येणाऱ्यांना वाटलं, इथं लोटांगण घालायची रीत आहे. वळून बघतो तो तेरा माणसं पालथी. बायको म्हणाली, "एवढ्या येळा गेलात, एकदा आत जाऊन दर्शन तरी घ्या की."

नवव्या खेपेला अंगात त्राण नव्हतं. कॅमेरा पिशवीतच राहू दिला. भिंतीच्या पायथ्याशी दगडावर मोबाइल उताणा ठेवला, म्हणजे पडद्यावर काय दिसतं ते कडेनं वाकून मला बघता येईल, आणि त्याच बाजूच्या कॅमेऱ्यानं वर बघत फोटो काढला. काय फोटो आला म्हणता! कोरलेले काळे हत्ती अंगावर चालून येताहेत आणि मागं पांढरं शिखर आभाळात कलंडतंय. मुंगीनं काढल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मोठी प्रत काढून दुकानात नेली. दुकान भरलेलं होतं.

"कुठलं देऊळ हो हे?" एकानं विचारलं.

"कुठलं म्हणजे? आपलं औंढं!"

"काहून थापा मारून राहिले? आमी दर सोमवारी जातो. हे कर्नाटकातलं दिसतं."

दुसरा म्हणाला, आहे आपलंच, पण काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते त्याला सांगता येईना. तिसऱ्यानं फोटो आडवा धरला, उभा धरला, शेवटी पाठीमागचा कोरा कागदही बघितला. मी हसत होतो खरा, पण मलाही ती भिंत ओळखू येईना. यंदाच नऊ वेळा जाऊन आलेला माणूस मी! स्वतःच्या घरात शिरावं आणि चूल भलत्याच कोपऱ्यात दिसावी, तसं झालं.

शेठ मात्र खूश. "गिऱ्हाईक पाच पाच मिनिटं उभं राहून बघून राहिलं. हेच छापू."

तेवढ्यात मेंढरांचं औषध न्यायला एक मेंढपाळ आला. त्यानं फोटो पाहिला आणि लगेच म्हणाला, "औंढं हाये. पण हा सोंड तुटलेला हत्ती या हाताला कसा आला?"

"कोणता हत्ती?"

"हा. याच्याच सावलीत बसून भाकर खातो मी. देवळाकडं तोंड केलं की डाव्या हाताला असतो. इथं उजव्या हाताला हाये. तीनशे मेंढरांत माझं कोणतं ते मी वळखतो, मालक. हत्ती वळखणार न्हाई?"

मी खिशातून मोबाइल काढून फोटो पुन्हा बघितला. मोबाइलच्या पडद्याकडचा कॅमेरा! माझ्या मोबाइलला त्या बाजूनं आरशासारखा उलटा फोटो ठेवायची खोड. दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर पोट भरणारा मी, देवळाची डावी-उजवी विसरलो होतो.

गप्प बसता आलं असतं. पण मेंढपाळ माझ्याकडं असा बघत होता की तिथंच मोबाइलवर फोटो सरळ केला आणि सगळ्यांना दाखवला.

"हां! हे आपलं औंढं!" सगळे एकदम म्हणाले. आणि पुढच्याच श्वासात एकजण म्हणाला, "पण हे तर नेहमीचंच आहे."

शेठनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. "खरं कोणतं?"

"मोबाइलवरचं."

"आणि नवीन?"

"कागदावरचं."

मी शेवटचा डाव टाकला. "शेठ, मागं कीर्तन करणाऱ्या संतासाठी हे देऊळ एकदा फिरलंच होतं की नाही? मग अजून एकदा फिरलं म्हणून काय झालं?"

"देऊळ फिरलं असंल," मेंढपाळ औषधाची बाटली पिशवीत टाकत म्हणाला, "पण हत्ती न्हाई फिरला. तो माझ्या भाकरीपाशीच हाये."

दुकान हसलं. शेठ हसले नाहीत. "मी कागदावरचंच छापणार. गिऱ्हाईक थांबतं. तुमचं नाव टाकू ना खाली?"

आयुष्यभर मी काय काय फेकलं असेल, त्याची मोजदाद नाही. पण खोट्या देवळाखाली मुंगीएवढं का होईना, आपलं नाव? आणि नाव नको म्हटलं, तर खिळ्याला लटकणार कोण?

"नाव नका टाकू," मी म्हणालो. माझ्या तोंडून हे कुणी बोललं, मला अजून कळलेलं नाही.

कॅलेंडर घरोघर गेलं. परवा गोरेगावात एका घरी चहाला बसलो होतो. समोर भिंतीवर माझे हत्ती. राहवलं नाही, म्हणालो, "हा फोटो मी काढलाय."

घरमालकानं कोपऱ्यात बघितलं. तिथं कोरा कागद. मग बशी माझ्यापुढं सरकवत तो म्हणाला, "व्हय, व्हय. चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

मी चहा घेतला. कोणत्या हातानं, ते आठवत नाही.