केस पेपरवरची कडबाकुट्टी

सोमवार, ९ फेब्रुवारी. हजर: मी, माझी धाकटी जाऊ, तिचा नवरा म्हणजे माझा दीर, आणि जुन्नरच्या वकीलबाई. सोबत केस पेपर, एक्स-रे, औषधांची बिलं, शेडच्या हजेरीवहीचा मोबाइलवर काढलेला फोटो. सगळं क्रमाने लावून मी फाइल पुढे सरकवली.

वकीलबाईंनी पहिलाच कागद वाचून चष्मा काढला. "यात तर घरी कडबाकुट्टीत हात गेला असं लिहिलंय."

जाऊ खिडकीबाहेर बघायला लागली.

दिवाळीनंतर कांद्याच्या शेडमध्ये ग्रेडिंग मशीनच्या पट्ट्यात तिचा उजवा हात ओढला गेला. दोन बोटं गेली. शेडचे मालक तिच्या माहेरच्या गावचे, ती त्यांना मामा म्हणते. त्यांनीच तिला पिकअपमध्ये घातलं आणि दवाखाना येईपर्यंत तिचा हात वर धरून बसले. तिथे डॉक्टरांनी कसं झालं विचारलं, तेव्हा मामा तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, घरची कडबाकुट्टी. मामांना त्रास नको, एवढंच डोक्यात. मग आम्हीही भेटायला येणाऱ्यांना तेच सांगत राहिलो. पावण्यांनी आमच्या कडबाकुट्टीला शिव्या घातल्या. चारा कापायचं ते यंत्र दोन वर्षं बंद पडून आहे.

"मामांची काय चूक?" जाऊ म्हणाली. "पट्टा चालू असताना हातमोजा घालून मीच माती काढाया गेले."

"चूक कुणाची ते नंतर. काम करताना लागलं ना? मग भरपाई मालकाने द्यायची. उपचाराचा खर्च, घरी बसावं लागलं त्या दिवसांचे पैसे, आणि बोटं कायमची गेली त्याचे वेगळे. अर्जाला दोन वर्षं मुदत आहे, पण आधी हा कागद दुरुस्त करा."

"म्हंजे मामांवर केस?"

"आधी नोटीस. त्यांनी कामगारांचा विमा काढला असेल, तर पैसे विमा कंपनी देईल."

"विमा हाय का न्हाई, ते इचारलंय कुणी?" दीर म्हणाला.

कुणीच विचारलं नव्हतं. मी केलेल्या कामांच्या यादीतही ते नव्हतं.

एसटी स्टँडवर तिची वेणी सुटली. बोटं गेल्यापासून तिची वेणी मीच घालते. बाकड्यावर बसवून पुन्हा घातली. माझ्याकडे पाठ होती, म्हणून असेल, ती बोलली.

"आक्का, त्या दिशी मामांनी माझा हात सोडला नाय. आता मी त्यान्ला नोटीस धाडू?"

"आधी जाऊन बोल."

"त्यान्ला वाईट वाटलं तर?"

"वाटेल. पण तुला भाकरी थापता येत नाही, पेन धरता येत नाही. हेही त्यांना सांग. महिना झाला, ते आपल्याकडे फिरकले नाहीत. तुझ्या हाताकडे बघवत नसेल त्यांना."

तिने डाव्या हाताने वेणी पुढे घेतली. मग म्हणाली, "लिवा यादीत. पर मीच जाणार. तुमी आलात का मामा लई घाबरत्यात."

दीर हसला. मी लिहिलं.

पंधरा दिवस झाले. केस पेपर दुरुस्तीचा अर्ज दिला, पोच घेतली. तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोघी जबाब द्यायला तयार आहेत. मामांना भेटणं राहिलंय. ती दोनदा आवरून शेडच्या फाट्यापर्यंत गेली आणि तशीच परत आली.