व्याह्यांचं एकमेव मत

माझ्या धाकट्या बहिणीचं, ताराचं, लग्न दोन हजार चार सालच्या लोकसभा निवडणुकीवर अवलंबून होतं. देशाचं भवितव्यही त्याच निवडणुकीवर अवलंबून आहे असं पेपरात रोज छापून येत होतं, आणि ते असेलही. पण देश कसंही करून निभावून नेतो. आमच्या घराला ते कधीच जमलेलं नाही.

झालं असं, की ताराच्या साखरपुड्याला पंधरा दिवस होत नाहीत तोच तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी खासदारकीचा अर्ज भरला. अपक्ष! किसनराव हे शिरड शहापूरचे, चांगली शेतीवाडी, सरळ माणूस. गावच्या रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन ते एका कचेरीत गेले होते आणि तिथल्या बाबूनं त्यांना विचारलं, "तुम्ही कोण?" एवढंच. दुसरा कुणी असता तर बाहेर येऊन चहा प्याला असता आणि घरी गेला असता. किसनराव उमेदवार होऊन घरी आले.

त्यांना चिन्ह मिळालं पंखा. एप्रिल महिना, बारा-बारा तास भारनियमन, आणि हा माणूस दारोदार पंख्याचं चित्र वाटत हिंडतोय! "पंख्याला मत देतो हो, पण लाईट कवा येईल ते सांगा," असं बायका तोंडावर म्हणायच्या. तरी किसनराव खचले नाहीत. विहारात मेणबत्ती लावली, दर्ग्यावर चादर चढवली, मारुतीपुढे नारळ फोडला. बौद्ध, मुसलमान, मराठे, सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "व्हय, बराबर! यंदा तुमालाच!" इतक्या जातीधर्मांच्या लोकांचं एकाच गोष्टीवर एकमत झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. (ते एकमत नेमकं कशावर होतं, ते निकालाच्या दिवशी कळलं.)

फिरत फिरत ते डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात आले. चहा झाला, आणि बशी खाली ठेवत ते आबांना म्हणाले, "इवाई, तुमच्या बूथवर मला निदान एक मत पडलं पायजे. ज्या गावात माझं एक मत न्हाई, तिथली पोरगी मी सून म्हणून काहून न्यावी?"

आबा हसले. किसनराव हसले नाहीत. मग आबांनीही हसणं आवरतं घेतलं.

आमचे आबा एसटीतले रिटायर कंडक्टर. आयुष्यभर त्यांनी कुणाला 'गाडी भरली' असं म्हटलं नाही, त्यामुळे किसनराव येण्याआधीच ते तीन उमेदवारांच्या माणसांना शब्द देऊन मोकळे झाले होते. घरात मतं चार: आबांचं, मायचं, माझं आणि माझ्या बायकोचं. ताराचं नाव यादीत आलंच नव्हतं. आबांनी संध्याकाळी सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि जागा वाटून दिल्या. आबा एकाला, माय दुसऱ्याला, सून तिसऱ्याला.

"अन् पश्या, तू इवायाला," आबा मला म्हणाले. "तू घरातला शिकेल माणूस. गुरुजी हायस. तुझं मत म्हंजे खात्रीचं."

"आवो, पण ही काय रीत झाली?" माय म्हणाली.

"शब्द दिलेला हाय. एकाला बी खोटं पाडणार न्हाई मी!"

मी उठलो तर तारा मागोमाग आली. तिच्या हातात डी.एड.चं पुस्तक होतं आणि त्यात तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा, मिलिंदचा, फोटो होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "दादा, माझं मत असतं तर मीच देऊन आले असते. तू तेवढं नीट दे," ती म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताची मला आजही लाज वाटते.

माझी शाळा पलीकडच्या मतदारसंघात. निवडणुकीची ड्यूटी तिकडेच लागली, म्हणून मत टपालानं. प्रशिक्षणाच्या दिवशीच मतपत्रिका हातात पडल्या. ती कशी भरायची हे बाकीच्या गुरुजींना समजावून सांगायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं (मी पुढच्या बाकावर बसलो होतो, दुसरी काही लायकी नव्हती). मी खडू घेऊन फळ्यावर लिहिलं: मतपत्रिका छोट्या लखोट्यात, घोषणापत्रावर आपली सही, त्याखाली साहेबांची सही, मग सगळं मोठ्या लखोट्यात. "साहेबांची सही नसेल तर मत रद्द! लखोटा फोडणारसुद्धा नाहीत!" असं मी तीनदा ओरडून सांगितलं.

मग कोपऱ्यात बसून माझी मतपत्रिका उघडली. किसनराव पार तळाला होते. वरची नावं वाचता वाचता माझ्यात अचानक नागरिक जागा झाला. एरवी तो वर्षानुवर्षं झोपलेला असतो! मनात आलं, किसनराव काही निवडून येत नाहीत. मग मत वाया कशाला घालवायचं? देश मोठा की सोयरिक मोठी? आणि मत गुप्त असतं, इवायाला काय कळणार आहे? राहिलं बूथचं, तर एवढ्या गावातून त्यांना पाचपन्नास मतं कशीही पडतील. मी दुसऱ्याच एका उमेदवारापुढे खूण केली.

खूण केली आणि ताराचा चेहरा डोळ्यापुढे आला. कुणी बघेल या भीतीनं मी घाईघाईनं आपली सही ठोकली, कागद घडी घालून लखोट्यात कोंबले, डिंक लावला आणि पेटीत टाकून घाम पुसत बाहेर आलो.

निकाल लागला. किसनराव पडणार होते ते पडलेच. पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले, हातात कागदाचं भेंडोळं. मतदान यंत्रावर झालं होतं, त्यामुळे कुठल्या बूथवर किती मतं पडली ते चोख कळलं होतं, आणि किसनरावांनी ते स्वतःच्या हातानं लिहून आणलं होतं.

"तुमच्या बूथवर," ते म्हणाले, "शून्य."

आबा मटकन बाजेवर बसले. मायनं पाण्याचा तांब्या आणला होता, तो तिच्या हातातच राहिला. दाराआड तारा उभी होती. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"पश्या," आबा म्हणाले, "तू दिलं व्हतं ना?"

"दिलं की!" मी म्हणालो. "पण माझं टपालाचं होतं. ते आपल्या बूथवर मोजतच न्हाईत, आबा!"

सुटलो, असं मला वाटलं. पूर्ण एक क्षण वाटलं.

"टपालाच्या टेबलापाशी मी स्वतः बसलो होतो, गुरुजी," किसनराव म्हणाले. "माझ्याकडं दुसरं माणूस व्हतं कुठं बसवायला? टपालात बी शून्य."

संपलं! मला माझ्या बहिणीचं उभं आयुष्य समोर दिसायला लागलं, आणि त्यात मी कुठंच नव्हतो, कारण ती मला घरात घेत नव्हती. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. बायको माझ्याकडे बघत होती. तिला सगळं समजलं होतं, तिला नेहमीच समजतं.

किसनराव बाजेवर आबांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीन लखोटे रद्द झाले, गुरुजी. त्यातला एक तुमचा. घोषणापत्र वाचताना तुमचं नाव मी ह्या कानानं ऐकलं, ह्या डोळ्यानं पाह्यलं. तुमची सही हाय, पण साहेबाची सही न्हाई!"

मी कपाळावर हात मारून घेतला. (सगळ्यांना वाटलं, दुःखानं.)

"मी त्या साहेबाच्या किती विनवण्या केल्या! म्हणलं, साहेब, हे माझ्या पोराच्या मेव्हण्याचं मत हाय. नका मोजू, पण एकडाव उघडून दाखवा. माझं हाय ते, म्हंजे हायच! पार पाया पडायला निघालो..."

"मग?" मी विचारलं.

"न्हाई उघडलं. नियमात बसत न्हाई म्हणला. कठोर माणूस, गुरुजी! लई कठोर!"

त्या कठोर माणसाला मी मनोमन साष्टांग नमस्कार घातला.

किसनरावांनी मला मिठी मारली. "मारुती, पीर, विहार, समदे फिरलो. सगळ्यांनी तोंडावर हो म्हणलं. घरच्यांनी सुदिक मला मत दिलं का न्हाई, कुणाला ठाव! एकट्या तुमी मनापासून दिलं, अन् तेच सरकारनं खाल्लं." ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि मीही रडलो. माझं रडणं अगदी खरं होतं, फक्त कारण वेगळं होतं.

वैशाखातच लग्न झालं. तारा आज दोन लेकरांची आई आहे. किसनराव अजून कुठल्याही कार्यक्रमात माझा हात धरून चार लोकांत सांगतात, "ह्यांनी मला मत दिलं व्हतं बरं!" आणि मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा राहतो. ज्याला मी मत दिलं होतं, तोही पडलाच म्हणा.

तेव्हापासून मी प्रत्येक निवडणुकीत अगदी नियमानं मतदान केलंय, सह्या दोनदा तपासून. त्या मतांनी कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. माझ्या ज्या एकाच मतानं कुणाचा तरी संसार उभा राहिला, ते चुकीच्या माणसाला होतं, चुकीच्या रीतीनं भरलेलं होतं, आणि देवाच्या दयेनं कुणी मोजलं नाही!