काळ्याला मी पळवायला सांगितलं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा.

बहात्तरचा दुष्काळ. काष्टीजवळच्या आमच्या वस्तीवर विहीर एकच, माझी आणि चुलतभाऊ रघूची सामाईक. पाळी माझी होती. तरी रघूनं माझ्या तहानलेल्या बैलांवर त्याचं कुत्रं सोडलं — काळ्या. एक बैल बुजला, दगडांत घसरला, पाय मोडून बसला. वर रघू हसला, “आबा, बैल हाय का शेळी?”

ते हसणं मी विसरलो असेन?

जनावराला काय चावलं हे वस्तीवर मलाच विचारत. महिन्याभरानं एका सकाळी रघू काळ्याला उचलून माझ्या दारात आला. “आबा, बघा की. कडब्याच्या गंजीत नाक खुपसलं, केकाटला, अन् त्वांड सुजलं.”

मी पाहिलं. नाकाशेजारी दोन भोकं, रक्त ठिबकतंय ते थांबत नाही, सूज डोळ्यापर्यंत चढलेली. गांधीलमाशीनं असं रक्त येतं का? घोणस होती. अशा जनावराला पाऊलभरही चालू द्यायचं नाही, गाडीत निजवून गुरांच्या दवाखान्यात न्यायचं — हे मीच सगळ्यांना सांगायचो.

आणि मी म्हणालो, “गांधीलमाशी हाय. पळीव त्याला, सूज उतरंल.”

रघूनं पळवलं. काळ्या पडायचा, मालकाची हाक आली की पुन्हा उठायचा. मी ओट्यावर बसून बघत होतो. वाईट वाटलं? खोटं कशाला बोलू — बरं वाटलं. माझा बैलही असाच उठायला धडपडला होता. दुपारी काळ्या गेला.

तेवढ्यावर भागलं असतं तर... घोणस म्हटली की आमच्याकडं सगळी वस्ती काठ्या घेऊन गंजी उसकटते, साप मारूनच थांबते. गांधीलमाशीसाठी कोण उसकटणार? हे मला सुचलं नव्हतं — असं लिहू? सुचलं होतं. संध्याकाळी रघूची बायको पारू गंजीतून पेंढी ओढायला निघाली, ती मला दिसली. हाक मारली असती तर सकाळचं खोटं उघडं पडलं असतं. मी मारली नाही.

ती वाचली. घोणस डसलेल्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. काळ्याच्या वेळी आबांची चूक झाली, एवढंच सगळ्यांनी धरलं. रघूचेच बैल जुंपून मी तिला दवाखान्यात नेलं, म्हणून रघू अजून चारचौघांत सांगतो, “आबा हुते म्हनून पारू जगली.” मी मान खाली घालतो. लोकांना तो माझा मोठेपणा वाटतो.

बैलाचं मी रघूला आजही माफ केलेलं नाही. पण पारूनं माझं काय केलं होतं? अजून ती तीन बोटांनी भाकरी थापते, आणि मी गेलो की पहिली माझ्या ताटात वाढते.

गंजीत घोणस आहे हे मला ठाऊक होतं — एवढं एक वाक्य मी तिला देणं लागतो.